‘तोंडात मावत नाही, मग बिनधास्त सोडा’ : लहान शिकारी टाकीचे पाच गैरसमज

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय. तीन फुटी टाकीत लहान शिकारी मासा ठेवायचा असेल तर त्याच्या जोडीला काय सोडावं, याचा निकाल त्यात पाच वाक्यांत लावलाय. तोंडात न मावणारा कुठलाही मासा चालतो. लहानपणापासून एकत्र वाढवले की एकमेकांना खात नाहीत. पोट भरलेलं ठेवलं की शिकार होत नाही. क्लीनर श्रिंपला, म्हणजे माशांची साफसफाई करणाऱ्या कोळंबीला, कुणी हात लावत नाही. आणि लायनफिश, म्हणजे पंख्यासारखे पर पसरणारा काटेरी शिकारी मासा, विषारी, त्यामुळे त्याची काळजीच नको. पाचही वाक्यं दुकानदाराच्या सोयीची आहेत, माशांच्या नाहीत.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक टाकी समोर ठेवू : 3 × 1.5 × 1.5 फूट, म्हणजे साधारण 190 लिटर. आत एक फजी ड्वार्फ लायनफिश, पूर्ण वाढ झाली की 15 सेंटिमीटरच्या आसपास.

‘तोंडात न मावणारा मासा चालतो.’

चालतो, पण तोंड मोजलंय कुणी? दुकानात आपण बंद तोंड बघतो. लायनफिश चावा घेत नाही, तो भक्ष्य ओढून घेतो. जबडा पुढे सरकतो, तोंडाची पोकळी एकदम फुगते आणि पाण्यासकट मासा आत जातो. मोठ्या जातीच्या लायनफिशच्या पोटात त्याच्या निम्म्या लांबीचे मासे सापडलेले आहेत. म्हणून नुसती लांबी बघून उपयोग नाही, अंगाची ठेवण बघा. सात-आठ सेंटिमीटरचा क्लाउनफिश सडपातळ असतो, डोक्याकडून सरळ आत जातो. मोठा लायनफिश तर समोरच्या माशावर पाण्याची चूळ सोडतो. मासा प्रवाहाकडे तोंड वळवतो आणि आयताच डोक्याकडून हाती लागतो. तेवढ्याच लांबीचा कोरल ब्युटी एंजल मात्र उभट, रुंद अंगाचा आणि गालावर काटा असलेला. तो गिळणं अवघड. त्याच्या बाबतीत हा नियम बराचसा खरा ठरतो.

फ्रॉगफिशच्या बाबतीत मात्र तो पार कोलमडतो. हा मासा सुमारे 6 मिलिसेकंदांत तोंड उघडून भक्ष्य आत घेतो, आणि ते भक्ष्य त्याच्याएवढ्याच लांबीचं असू शकतं. घशात मोठा मासा अडकून फ्रॉगफिशच मेल्याची उदाहरणं आहेत. त्याला एकटंच ठेवायचं, तिथे चर्चा नाही.

‘लहानपणापासून एकत्र वाढवा.’

दोघं एकाच वेगाने वाढत असते तर ठीक होतं. लायनफिश झपाट्याने वाढतो, जोडीचा गोबी किंवा कार्डिनलसारखा छोटा मासा आहे तेवढाच राहतो. सहा महिने गुण्यागोविंदाने नांदले याचा अर्थ एवढाच, की तोवर तो मासा तोंडात मावत नव्हता.

‘पोट भरलेलं ठेवा, मग शिकार करत नाहीत.’

हा सल्ला सगळ्यात घातक, कारण मासे पाळणारा माणूस तो मनापासून पाळतो. प्रवाळखडकावरच्या शिकाऱ्याला पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो. समोर हललं ते गिळायचं, हा त्याचा स्वभाव. अटलांटिकमध्ये लायनफिश मूळचा नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो पहिल्यांदा दिसला 1985 साली. पुढे तिथे पकडलेल्या काही लायनफिशच्या आतड्यांभोवती चरबीचे थर सापडले. इतकं खाऊनही त्यांची शिकार थांबलेली नव्हती.

आपल्या टाकीत याचा परिणाम वेगळाच होतो. वाढ झालेल्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. रोज कोंबलं की यकृतावर चरबी चढते आणि 190 लिटर पाणी बघता बघता बिघडतं. त्यातही सोपं म्हणून जिवंत गोल्डफिश सोडणारे आहेत. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबीही याला मानवत नाही. कोळंबीचे आणि माकुळाचे तुकडे आलटून पालटून चिमट्याने द्यायची सवय लावा. सुरुवातीला तो बघून न बघितल्यासारखं करेल. तुकडा जरा हलवत राहा.

‘क्लीनर श्रिंपला कुणी खात नाही.’

समुद्रात हे पुष्कळसं खरं आहे. मोरे ईल या सापासारख्या शिकारी माशाच्या जबड्यात शिरून दात साफ करणारी ही कोळंबी अनेकांनी पाहिली असेल. पण तिथे साफसफाईची जागा ठरलेली असते, मासे कामापुरते येतात आणि निघून जातात. आपण तिला शिकाऱ्याच्या झोपायच्या खोलीत कायमची राहायला पाठवतो. त्यात ड्वार्फ लायनफिशचं आवडतं खाणंच मुळी कोळंबी आणि खेकडे, आणि त्याची खरी हालचाल सुरू होते अंधार पडल्यावर. कोळंबी कात टाकते तीही बहुधा रात्री. तेव्हा तिचं कवच मऊ असतं आणि पळायचं त्राण नसतं. स्नोफ्लेक ईलला लोक ‘गरीब ईल’ म्हणतात, कारण त्याचे दात बोथट असतात. ते बोथट आहेत ते कवचं फोडण्यासाठी. काहींची श्रिंप टिकते, नाही असं नाही. पण महागाची कोळंबी नशिबावर सोडायची तयारी असेल तरच आणा.

‘लायनफिश विषारी, त्याला कुणाची भीती?’

या विषाने तुमच्या बोटाचं काय होईल ते नक्की सांगता येतं : काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आतबाहेर, अर्धा ते दीड तास बोट बुडवून ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. शेजारच्या माशांना मात्र या विषाचा धाक वाटेलच असं नाही. विष असतं पाठीवरच्या, पोटाखालच्या आणि शेपटीजवळच्या काट्यांत. दोन्ही बाजूंना पसरलेले ते पंख्यासारखे पर बिनविषारी, आणि कुरतडायला नेमके तेच समोर येतात. पिकासो ट्रिगर त्यांचे लचके तोडतो. व्हॅलेंटिनी पफर जेमतेम 10-11 सेंटिमीटरचा, दिसायला खेळण्यातला, पण त्यालाही परांचे शेंडे कुरतडायची खोड. फाटलेल्या परांत जंतुसंसर्ग होतो आणि लायनफिश दगडाखालून बाहेर यायचं सोडतो.

कुरतडणारं कुणी नसलं तरी उपासमार होऊ शकते. फजीचं जेवण एकदा नीट बघा. दगडाच्या छताला तो उलटा चिकटलेला असतो. तुकडा दिसला की आधी डोळा फिरतो. मग पर पसरून, जणू वेळच वेळ आहे अशा थाटात, तो इंच इंच पुढे येतो. तेवढ्यात तीनपट्टी डॅमसेल तो तुकडा पळवून, खाऊन मोकळा झालेला असतो. डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून टाकी सुरू करायला सोडतात आणि मग ते निघता निघत नाहीत. लायनफिश खायला मागत नाही, नुसता बारीक होत जातो. आपण समजतो, लाजतोय.

मग या टाकीत सोडायचं काय? माझ्या मते आधी फजी एकटाच सोडा आणि तो चिमट्याने खायला लागेपर्यंत दुसरं काही आणू नका. त्यानंतर चांगला वाढलेला एक कोरल ब्युटी. पहिले काही आठवडे तो परांना टोचत नाही ना, यावर लक्ष ठेवा. टोचायला लागला तर परत करा. स्नोफ्लेक ईल हवाच असेल तर तो एंजलच्या ऐवजी, आणि तो 60 सेंटिमीटरच्या पुढे जातो हे आधीच मनाशी धरून. त्याच्यासाठी झाकण घट्ट हवं, पाइप जातात त्या फटीसुद्धा बुजवलेल्या. दोन मासे झाले की दुकानात जाणं थांबवा.