‘टॉवरमधल्या मॅडम’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना धोका आहे असं मी ब्लॉगवर लिहिलं, त्याखालची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला घेतलं असतं तर भलतंच काही लिहून गेले असते, म्हणून थांबले. तुमचं एक बरोबर आहे, दुसऱ्या फोटोखाली मी ग्रेटर, म्हणजे मोठ्या जातीचा फ्लेमिंगो लिहिलं होतं, तो लेसर, म्हणजे लहान जातीचा आहे, अख्खी चोच गडद दिसतेय. दुरुस्त केलंय.

आता ते वाक्य. "टॉवरमधल्या मॅडमना बाल्कनीतून खाडी काय कळणार." कुणाला म्हणताय हे? माझं आजोळ नवी मुंबईतल्या दिवाळे गावातलं. ओहोटीला मामाच्या मागे मांडीभर चिखलात उतरलेय मी, तिवराच्या मुळांचे खुंट तळपायाला टोचायचे, आणि ती मुळं वर डोकं काढून श्वास घेतात हे मला मामाने सांगितलं, शाळेच्या पुस्तकात फार नंतर आलं. निवटे, ते चिखलातले छोटे मासे, चिखलावरून सुळसुळ पळायचे, हात घातला की बिळात. मामाच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, एखादा जिताडा मासा आला की शेजारीपाजारी वाटे जायचे. आता तोच पाग ओढला की पिशव्या येतात आधी, त्या सोडवण्यातच अर्धी ओहोटी संपते. हो, मी सीवूड्सला सातव्या मजल्यावर राहते, हप्ते फेडतेय, म्हणून माझं आजोळ पुसलं गेलं का? मुद्दा पटला नाही तर मुद्द्यावर बोला, माणसाची लायकी कशाला काढता? ही काय बोलायची पद्धत झाली?

"फ्लेमिंगो एवढे येतात मग धोका कसला", यावर थोडक्यात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की त्यांना टेकायला आतली पाणथळ जागा लागते. २०२४च्या उन्हाळ्यात नेरूळच्या अशाच एका तलावात खाडीचं पाणी नीट येईना, आणि तिथे फ्लेमिंगो मेले. मी गेले होते, काठाशी एक पडला होता, पायांवर चिखल वाळून पांढरा झालेला. भारतात हे पक्षी अंडी घालतात ते मुख्यतः कच्छच्या रणात, म्हणजे थवे कितीही मोठे दिसू देत, जागा मोजक्याच आहेत.

रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा २०२२मध्येच मिळाला मग रडता कशाला, विकास नको का, वगैरे जे बाकीचं लिहिलंय त्यात मला पडायचं नाही. दर्जा खाडीला मिळालाय, नेरूळचा तलाव त्या हद्दीबाहेर आहे, एवढं तरी बघून लिहायचं होतं.

कमेंट काढत नाहीये, राहू दे. मामा माझा ब्लॉग मुलीकडून वाचून घेतो, तिला फक्त सांगितलंय की खालचं वाचू नकोस.