शाल-श्रीफळ द्या, पण आधी तिनं काय केलं ते सांगा

१५ सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडे सत्कारांची यादी सुरू होते. अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांची जयंती. शिवाय २३ जूनचा आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन आहेच. ब्रिटनची विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी १९१९ साली याच तारखेला स्थापन झाली आणि २०१४ पासून तिनंच हा दिवस सुरू केला. तरुण मुलींचा सत्कार व्हावा याबद्दल दुमत असायचं कारण नाही. माझी तक्रार आहे ती मानपत्राबद्दल.

सोलापूरचं फडकुले सभागृह असो की कॉलेजचा सेमिनार हॉल, क्रम ठरलेला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मग जिजाऊ-सावित्री-अहिल्यादेवींपासून कल्पना चावलांपर्यंत नावांची माळ, मग पाहुण्यांचं भाषण, आणि शेवटी जिच्यासाठी हे सगळं, तिला दीड मिनिट. मानपत्रात काय? "हलाखीच्या परिस्थितीवर मात करून अभियांत्रिकी क्षेत्रात गरुडझेप घेतली आणि सोलापूरच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला." यातलं नाव बदला, हेच मानपत्र कबड्डीपटूलाही चालतं. तिनं बनवलं काय, ते चाललं का, किती चाललं, याचा एक शब्द नाही.

ही सवय जुनी आहे. ए. ललिता या भारतातल्या पहिल्या महिला अभियंता. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल. त्यांच्याबद्दल हमखास काय सांगितलं जातं? अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगी. खरं आहे ते. पण कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये त्यांनी पारेषण वाहिन्यांची डिझाइन्स केली, उपकेंद्रांचे आराखडे आणि संरक्षक यंत्रणा सांभाळली, भाक्रा-नांगलच्या कामात त्यांचा हात होता, हे किती जणांना ठाऊक आहे? तेच शकुंतला भगतांचं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली सिव्हिलची पदवी. 'पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअरांपैकी एक' म्हणून आपण थांबतो. त्यांचं खरं काम म्हणजे तयार सुट्या भागांतून उभे राहणारे पोलादी पूल आणि ते भाग जोडणारा त्यांचा खास जोड. तेच भाग वेगवेगळ्या लांबी-रुंदीच्या पुलांना चालावेत ही त्यामागची हुशारी. 'पहिल्या' असणं हा योगायोगही असू शकतो, तो जोड डोक्यातून निघालाय.

आता सोलापूरचं उदाहरण घेऊ, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. समजा एका मुलीनं शेवटच्या वर्षाला यंत्रमागासाठी ताणा, म्हणजे कापडातला उभा धागा, तुटल्यावर माग थांबवणारं सर्किट केलंय. चादरीच्या किंवा टॉवेलच्या मागावर ताण्याचे हजार-दोन हजार धागे असतात. एक तुटला आणि लक्षात आलं नाही तर कापडात उभी रेघ पडते, माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, जातो. उपाय जुनाच आहे: प्रत्येक धाग्यावर पोलादाची पातळ पट्टी, ड्रॉपर, लटकवायची. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो, इलेक्ट्रोड बारच्या दोन भागांना एकदम टेकतो, १२ किंवा २४ व्होल्टचं सर्किट पूर्ण होतं, रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो आणि सोलेनॉइड (विजेच्या चुंबकानं सरकणारा दांडा) मागाची मूठ सोडवतो. स्वस्तातल्या साध्या मागांवर ही सोय बहुधा नसतेच, म्हणून प्रोजेक्टचा विषय चांगला.

पण परीक्षकांनी टेबलावरचा एलईडी लागलेला बघून "व्वा, छान" म्हणायचं आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं, हे काही परीक्षण नव्हे. मागावर काय बिघडतं ते विचारायला हवं. एक, कापसाचा रुवा. तो इलेक्ट्रोडवर बसला की ड्रॉपर पडूनही करंट जात नाही आणि माग चालूच राहतो. रुव्यात तेल आणि ओल मिसळली की उलटं, धागा शाबूत असताना माग थांबतो. दोन, हादरे. माग चालताना ड्रॉपर उडतात, क्षणभर टेकतात. म्हणून सिग्नल थोडा वेळ टिकला तरच खरा मानायचा, अशी वेळ प्रोग्राममध्ये धरावी लागते. किती? मिनिटाला १६० पिक (पिक म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा) असतील तर एका पिकला ३७५ मिलिसेकंद मिळतात. ५० मिलिसेकंद थांबलं तर चालेल, ५०० थांबलं तर बाण्याचा पुढचा धागा पडून गेलेला असेल. तीन, विजेची गडबड. शेजारच्या मोटरचं स्विचिंग आणि रिलेच्या कॉइलचा उलटा झटका यांनी कंट्रोलर मधेच रिसेट होतो. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावला का, कंट्रोलरचा सप्लाय वेगळा ठेवला का, हे विचारा. जिनं स्वतः केलंय ती दहा सेकंदांत सांगेल, आणि किती बोर्ड जळले तेही सांगेल.

चौथी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नसते. मागवाल्याची मजुरी नगावर असते. खोटे थांबे जास्त झाले की त्याची कमाई बुडते, मग तो सरळ वायर उपटून ठेवतो. त्याचं काही चुकत नाही ओ. म्हणजे उपकरणाची खरी परीक्षा 'थांबतं का' एवढीच नाही, 'विनाकारण किती वेळा थांबतं' हीसुद्धा आहे.

चाचणी अगदी सोपी आहे. चालू मागावर कात्रीनं २० वेळा धागा कापा, थोडे डाव्या काठाला, थोडे मधे, थोडे उजवीकडे. किती वेळा थांबला आणि किती पिकनंतर थांबला, लिहा. मग पूर्ण एक पाळी हात न लावता चालवा आणि खोटे थांबे मोजा. मग मानपत्र आपोआप तयार होतं: "साध्या यंत्रमागासाठी ताणा-तुट थांबवणारं उपकरण केलं. २० पैकी १९ वेळा माग दोन पिकच्या आत थांबला. एका पाळीत खोटे थांबे ३." आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हे वाचून सभागृहातला एखादा कारखानदार कार्यक्रम संपल्यावर तिला गाठून "आमच्याकडं लावून बघू की" म्हणेल. गरुडझेप वाचून कोणी विचारत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न आहे गटाचा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत संघ ६ जणांचा आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. नियम चांगला. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ 'फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी एक नाव शोधा' एवढाच उरतो. मग तिच्या वाट्याला पीपीटी, रिपोर्टचं टायपिंग आणि स्टेजवर बोलणं. सोल्डरिंग, कोडिंग, लेथवरचं काम मुलांकडं. पुढे सत्कार मात्र तिचा, कारण फोटोत ती हवी. यात तिचाही अपमान आहे आणि जिनं खरोखर रात्री जागून फर्मवेअर (उपकरणातला प्रोग्राम) लिहिलं त्या दुसऱ्या मुलीचाही, कारण लोक दोघींकडे एकाच संशयानं बघतात.

त्यामुळे अर्जासोबत गटातल्या प्रत्येकाच्या कामाचा तक्ता मागवा: कुठला भाग कोणी केला, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. सॉफ्टवेअर असेल तर कोणत्या तारखेला कोणी काय बदललं याची नोंद गिटमध्ये असतेच. हार्डवेअर असेल तर कामाची वही बघा. वहीत खाडाखोड, फसलेली मापं, चिकटवलेली बिलं नसतील आणि सगळी पानं एकाच शाईत सुवाच्य असतील तर ती कालच लिहिलीय असं समजा. मग तिला एकटीला बसवून दोनच प्रश्न विचारा: कुठला भाग सगळ्यात जास्त वेळा बिघडला, आणि पुन्हा केलंत तर काय बदलाल? पाठांतर इथं उपयोगी पडत नाही. उत्तर मराठीत येऊ दे, तेलुगूत येऊ दे, कन्नडमध्ये येऊ दे. सोलापुरात समितीत तेलुगू-कन्नड समजणारा एक माणूस मिळत नाही असं कोणी सांगू नये. इंग्रजी फाडफाड बोलणारीला पाच गुण जास्त द्यायची आपली खोड तर ताबडतोब जायला हवी.

नोकरीत लागलेल्या मुलींचं काम तपासणं आणखी नाजूक. चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या क्वालिटी इंजिनिअरनं रिजेक्शन कमी केलं, पण ड्रॉइंग बाहेर नेता येत नाही. हरकत नाही. कंपनीकडून पत्र घ्या: बदलाआधीचे तीन महिने, नंतरचे तीन महिने, फक्त टक्केवारी. एकाच महिन्याचा आकडा घेऊ नका. नवं टूल बसवल्यावर पहिले काही दिवस सगळंच छान येतं, कच्च्या मालाची बॅच बदलली तरी आकडा सुधारतो. त्या काळात दुसरं काय बदललं, हा प्रश्न पत्रातच असू द्या.

साइटवरच्या मुलींचं काम तर दिसतच नाही, कारण ते बहुतेक वेळा 'नाही' म्हणण्याचं असतं. आपला एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. पारा ४० च्या वर, मिक्सरची गाडी वाटेत अडकलेली, काँक्रीट घट्ट होत आलेलं, आणि ड्रायव्हर पाइपनं पाणी मारायच्या तयारीत. पाणी मारलं की काँक्रीट छान वाहतं, मजूर खूश, स्लॅब वेळेत. पाणी-सिमेंटचं प्रमाण मात्र बिघडतं. ते कळतं २८ दिवसांनी, १५० मिमीचे ठोकळे दाबल्यावर. एका नमुन्याचे तीन ठोकळे, त्यांची सरासरी, आणि एकाचाही आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी कंत्राटदारासमोर उभी राहून गाडी परत पाठवते, तेव्हा शिव्या खाते आणि इमारतीचं काहीही होत नाही. ज्याचं काही झालं नाही त्याचा सत्कार कसा करणार? साइटचं रजिस्टर बघा. गाडी भरल्याची वेळ, पोचल्याची वेळ, स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप), निर्णय, सही. असं वर्षभराचं नीट रजिस्टर हा माझ्या मते कुठल्याही पेपर प्रेझेंटेशनपेक्षा मोठा पुरावा आहे.

गुणांचं म्हणाल तर १०० पैकी ४० मोजता येणाऱ्या निकालाला, ३० तिच्या स्वतःच्या वाट्याला, २० बिघाड कसा शोधला याला, १० नोंदींना. घरच्या परिस्थितीला शून्य. हे कठोर वाटेल. विडी वळून मुलीला शिकवणाऱ्या आया सोलापुरात घरोघर आहेत आणि त्यांचं मोल मोठंच आहे. पण ते आईचं कर्तृत्व आहे, तिला वेगळं बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. मुलीच्या सर्किटला गरिबीचे गुण दिले की सर्किट कच्चं असावं असा अर्थ निघतो. आणि अर्ज फक्त बी.ई., बी.टेक.च्या मुलींकडून कशाला? पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मुली प्रत्यक्ष हातानं जास्त काम करतात. 'तरुण' म्हणजे ३५ पर्यंत धरत असाल तर बाळंतपणाची वर्षं त्यातून वजा करा, नाहीतर यादीत बिनलग्नाच्याच मुली उरतील.

एक गोष्ट सत्कारानं सुटत नाही, ती कंपन्यांनी आणि कंत्राटदारांनी ऐकावी. सेफ्टी शूज बहुतेक दुकानांत सहा नंबरपासून पुढे मिळतात, मुलींचे पाय तीन ते पाचचे. सैल बूट घालून शिडी चढणं हे बूट नसण्याइतकंच धोक्याचं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, हनुवटीचा पट्टा लागतो. ओढणी आणि उघडा व्ही-बेल्ट एका खोलीत असूच नयेत. साइटवर स्वच्छतागृह नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, तेही आपल्या उन्हात. रात्रपाळीचंही तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच होती, पुढे अटी घालून सूट मिळत गेली. पण मोठे ब्रेकडाउन रात्रीच निघतात आणि मेंटेनन्सचं खरं शिक्षण तिथंच होतं. गाडीची आणि सोबतीची सोय न करता 'मुली मेंटेनन्स घेत नाहीत' म्हणणं सोयीचं आहे, एवढंच.

आता बक्षीस. फीसाठी बऱ्याच मुलींना आज आधार आहे. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. राज्य सरकारनंही २०२४-२५ पासून कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क त्याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण माफ केलंय. अडतं ते प्रोजेक्टच्या खर्चाला. सेन्सर, मोटर, पीसीबी, जॉबवर्कवाल्याचं बिल. म्हणून निम्मी रक्कम सप्टेंबरच्या कार्यक्रमात न देता वर्षाच्या सुरुवातीला, प्रस्ताव बघून, बिलांवर द्या. ट्रॉफीऐवजी चांगला डिजिटल व्हर्नियर द्या, इलेक्ट्रिकलवालीला मल्टिमीटर द्या, साइटवालीला आयएसआय मार्कचे बूट द्या. बुटांचा नंबर अर्जातच विचारून ठेवा.