रेघ दिसली नाही म्हणून पेसमेकर बंद?

पेसमेकर बसवलेल्यांसाठी एक संदेश फिरतोय: ईसीजीवर कॉम्प्युटरने छापलेलं वाचा. उभी रेघ नसेल तर पेसमेकर बंद पडलाय. 'जुना हार्ट अटॅक' छापलं असेल तर तो येऊन गेलाय. आणि मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा दिसतोय तोवर चिंता नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, तिसरी तर जिवावर बेतणारी.

आधी ती रेघ, म्हणजे स्पाइक: पेसमेकरने हृदयाला दिलेल्या विजेच्या संकेताची ईसीजीवरची खूण. हृदय स्वतःहून पुरेशा वेगाने चालत असेल तर बहुतेक पेसमेकर गप्प बसतात. त्यांचं कामच ते. पण पेसमेकर काम करत असतानाही रेघ हरवू शकते. त्याचा संकेत जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. मशीन सेकंदाला 500 नोंदी घेत असेल तर दोन नोंदींत 2 मिलिसेकंदांची फट राहते आणि संकेत त्यातून निसटतो. 40 हर्ट्झच्या वरच्या वेगवान लहरी गाळणारा फिल्टर लावला की स्नायूंच्या थरथरीबरोबर ही रेघही पुसट होते. म्हणून चांगल्या मशीनमध्ये संकेत टिपायची वेगळी सोय असते, आणि कागदावरची ठळक रेघ कित्येकदा मशीनने स्वतः काढलेली खूण असते. घाबरायचं ते उलट चित्र पाहून: रेघा आहेत, पण त्यांच्यामागे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची रुंद लाट (क्यूआरएस) उमटतच नाही. म्हणजे संकेत गेला आणि हृदयाने तो घेतला नाही.

'जुना हार्ट अटॅक' का छापलं जातं? पेसमेकरची वायर बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात असते. वीज नेहमीची वाट सोडून तिथून स्नायूतून पसरते, लाटा रुंद आणि वाकड्या होतात, आणि सॉफ्टवेअर त्यांनाच जुनी इजा समजतं.

मॉनिटरचं मात्र नीट ऐका. तो पेसमेकरच्या रेघाच ठोके म्हणून मोजू शकतो. हृदय थांबलेलं आणि पडद्यावर 60, असं होऊ शकतं. आकडा पाहून थांबू नका, नाडी हाताने पाहा, ऑक्सिमीटरची लाट पाहा.

काही मशीन 'पेसमेकरचा ताल, पुढील विश्लेषण नाही' एवढंच छापतात आणि घरचे ते 'नॉर्मल' म्हणून वाचतात. सॉफ्टवेअरने तिथे हात टेकलेले असतात. पेसमेकर असतानाही ईसीजीतून हार्ट अटॅक ओळखण्याचे निकष हृदयरोगतज्ज्ञ सगार्बोसा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्येच मांडले, पण ते लावायला जाणती नजर लागते. छातीत दुखत असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. जुना ईसीजी आणि पेसमेकरचं कार्ड हाताशी असेल तर सोबत न्या, पण ते शोधण्यात वेळ घालवू नका.