रातराणीत पाणी प्या, आणि गाडी थांबवायला सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणीहून पुण्या-मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचे ठरले की आपल्या घरातल्या बायका दुपारपासूनच पाणी तोडतात. म्हातारे लोक त्या दिवशीची बीपीची गोळी गाळतात. कारण एकच, वाटेत गाडी थांबवायला सांगावी लागू नये. माझे स्पष्ट मत आहे की प्रवासात तब्येतीचे जेवढे हाल बाहेरच्या खाण्याने होतात, त्याहून जास्त या संकोचाने होतात. आणि हा संकोच आपण घरातूनच शिकवतो. "गाडीत पाणी पिऊ नकोस गं" असे लेकीला सांगणारी आईच असते.

पाणी तोडल्याने लघवी थांबत नाही, ती घट्ट होते. घट्ट लघवी मूत्राशयाला चुरचुरते, म्हणून थोडी साठली तरी कळ येते. मग ती दाबून ठेवायची, चार तास, पाच तास. तेवढ्यात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर असते, त्यामुळे जंतू वर चढायला अंतर कमी. दुसऱ्या दिवशी जळजळ, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप. ज्यांना मुतखड्याची सवय आहे, त्यांना तर घट्ट लघवी हेच मोठे कारण.

खरा त्रास पाण्यापेक्षा चहाचा जास्त असतो. स्टँडवर बसायच्या आधी घेतलेला कडक चहा तासाभरात लघवीला पाठवतो. रात्री ९ची गाडी असेल तर दिवसभर नेहमीसारखे पाणी प्यायचे, म्हणजे संध्याकाळी ६ पर्यंत दीड-दोन लिटर पोटात गेलेले असावे. चहा-कॉफी ५ नंतर नको. ६ नंतर घोट-घोट. गाडीत चढण्याआधी लघवीला जाऊन यायचे, मिनिटभर उभे राहायचे आणि परत एकदा जायचे. पहिल्या खेपेला मूत्राशय कधीकधी पूर्ण रिकामे होत नाही, पन्नाशीपुढच्या बायकांचे आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांचे तर पुष्कळदा होत नाही. गाडीत जाग असेपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन घोट. मार्च ते मे दिवसाचा प्रवास असेल तर तासाला एक पेला, म्हणजे दोनशे-अडीचशे मिली. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाण्याचे माप बांधून दिलेले असते, त्यांनी तेच पाळावे.

बीपीच्या किंवा सूज उतरवायच्या ज्या गोळीने लघवी वाढते, ती परस्पर गाळू नका. फुरोसेमाइडसारख्या गोळीचा जोर सहा-आठ तासांत ओसरतो. सकाळी घेतलेल्या गोळीचा रात्रीच्या गाडीत त्रास व्हायचे कारणच नाही. सकाळचाच प्रवास असेल तर चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून वेळ पुढे-मागे करून घ्यावी.

आता थांबण्याचे. तिकीट काढतानाच विचारा, गाडी कुठे-कुठे थांबते, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. खाजगी बसवाले जेवणाचा एक थांबा धरतात, तो पुष्कळदा सुरुवातीलाच येतो आणि नंतर पुण्यापर्यंत काही नाही. बेळगाव-पुणे साधारण साडेतीनशे किलोमीटर. कागल-सातारा पट्ट्यात रस्त्याच्या कामाने गाडी अडकली की सात तासांचे नऊ होतात. ड्रायव्हर कानडी असेल तर पुढे जाऊन "स्वल्प निल्लसरी", म्हणजे जरा थांबवा, म्हणायचे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. स्वतःची गाडी असेल तर दर दोन तासांनी पाच मिनिटे, कुणी सांगायची वाट न बघता. महामार्गावरच्या बहुतेक पेट्रोल पंपांवर सोय असते. सोबत कागदी साबण आणि पाण्याची एक वेगळी बाटली ठेवा.

थांबण्याचा दुसरा फायदा पायांना. पोटरीचे स्नायू आवळले की पायातले रक्त वर ढकलले जाते. बसून राहिले की हा पंप बंद, रक्त खालीच साचते, म्हणून उतरताना चप्पल घट्ट होते. चार तासांच्या पुढच्या प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. निरोगी माणसाला तो थोडाच असतो. पण नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर आणि नुकत्या बाळंत झालेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, आधी गाठ होऊन गेलेले यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. रक्त पातळ व्हावे म्हणून ॲस्पिरिन मनाने घेऊ नका.

बसल्या जागी काय करायचे? चवडे जमिनीला टेकवून टाचा उचला, पोटरी कडक होईपर्यंत, दोन सेकंद धरा, सोडा. असे वीस वेळा. मग टाचा टेकवून चवडे वर, वीस वेळा. दर अर्ध्या तासाने. पायावर पाय टाकून बसू नका, आणि पायाशी पिशव्या कोंबू नका. ट्रॅक्समध्ये चौदा माणसे आणि मध्ये गाठोडी अशी सौंदत्तीच्या जत्रेला जातात तेव्हा पाय हलवायलाही जागा राहत नाही. सामान वर कॅरिअरला बांधा. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर तेल लावून चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. त्यात दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८. हा नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही.

गोव्याला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, चोर्ल्याचा घाट. आंबोलीचेही तेच. कानाला वळणे कळतात आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, हा मेळ बसत नाही म्हणून मळमळ होते. मोबाइल बघणाऱ्याला ती आधी होते. पुढची सीट घ्या, मागच्या चाकावरची नको. नजर लांब रस्त्यावर, डोके सीटला टेकलेले, काच थोडी खाली. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेटही नाही. एखादे केळे किंवा मूठभर चिरमुरे पुरे. आलेपाकाची वडी चघळली तर काहींना बरे वाटते. गोळीचा बहुतेकांचा घोळ वेळेत होतो. घाट लागल्यावर घेतलेली गोळी उलटीतूनच बाहेर पडते. प्रोमेथाझीनची गोळी निदान एक-दोन तास आधी, म्हणजे बेळगाव सोडण्यापूर्वीच पोटात हवी. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना मुळीच द्यायची नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी विचारून घ्यावी.

डब्याच्या बाबतीत आपल्या भागासारखी शहाणी पद्धत मला दुसरीकडे दिसत नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! दोन्हींत पाण्याचा अंश इतका कमी की जंतू वाढतच नाहीत. हेच टाकून हल्ली डब्यात चित्रान्न भरले जाते. सकाळी ९ ला गरम भात डब्यात दाबून भरायचा, दुपारी २ ला खायचा, हे सरळ पोट बिघडवायचे काम. भातातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ती पुन्हा वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. भात-भाजीसारखे ओलसर शिजवलेले अन्न बाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच तास, एवढाच हिशेब धरा. ओल्या नारळाची चटणी डब्यात नकोच. चपाती न्यायची तर परातीत पसरून पूर्ण गार करा आणि मगच डबा लावा, नाहीतर वाफेचे पाणी झाकणाला धरते आणि संध्याकाळी चपाती चिकट होते. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, भेट म्हणून न्या, वाटेतले जेवण म्हणून नाही, आणि उन्हाळ्यात तोही गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.

हॉटेलात तव्यावरून थेट पानात आलेले खा. बिघडवणारे पदार्थ बहुधा बाजूचे असतात: सकाळपासून भांड्यात असलेली खोबऱ्याची चटणी, चिरून ठेवलेला कांदा, बर्फ.

जुलाब लागलेच तर ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. एवढे साधे औषध आपण चुकीचे करतो. एका लिटरचे मोठे पाकीट पेल्यात अंदाजे थोडे-थोडे टाकून प्यायचे नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला ते घातक आहे. २४ तासांनी उरलेले ओतून टाका. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्यांना एक पेला, दोन वर्षांखालच्या बाळाला पन्नास ते शंभर मिली, चमच्याने. शौचातून रक्त, ताप, सहा तास लघवी नाही, मूल सुस्त पडले, यातले काहीही दिसले तर डॉक्टर. जुलाब बंद करणारी गोळी मुलांना देऊ नका, आणि रक्त किंवा ताप असताना मोठ्यांनीही घेऊ नका.

मधुमेहवाल्यांनी इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, डिकीत नाही, आणि बर्फाला थेट चिकटवूनही नाही; गोठले की ते निकामी. गाडी पंक्चर होऊन जेवण लांबले, घाम सुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा. अशा वेळी करदंट, म्हणजे गोकाककडची डिंक-गुळाची वडी, देतात, ते चुकते. त्यात सुकामेवा, म्हणजे स्निग्धांश भरपूर, त्यामुळे साखर रक्तात उशिरा चढते. ते नंतर खायला ठीक.

मुक्कामी पोचल्यावर गाडीतून उतरताच वाकून जड बॅग ओढू नका. सात तास बसून कंबर आखडलेली असते आणि उसण भरते ती नेमकी इथे. आधी पाच मिनिटे चाला. मग गुडघ्यात वाकून, बॅग अंगाशी धरून उचला. आंघोळीआधी सहा सावकाश सूर्यनमस्कार, एक पेला कोमट पाणी, आणि नेहमीच्या वेळेला शौचाला बसा, कळ असो वा नसो.