लाल चौकोनातले बाबा

आमच्या चिरंजीवांच्या तिसरीच्या दप्तरात गणित, मराठी आणि परिसर अभ्यासाच्या जोडीला आता ‘भावना’ हा विषय आला आहे. त्याला वही नाही, तक्ता आहे. अंगात जोर आहे पण मन बिघडलेलं, तर लाल चौकोन. जोरही आणि मजाही, तर पिवळा. दोन्ही नाही, तर निळा. निवांत सुखात असाल, तर हिरवा. मूळ कल्पना अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची. पोरानं रोज रात्री आपला चौकोन रंगवायचा. खाली बारीक अक्षरात शाळेची भर : ‘पालकांनीही भरावा.’

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात ते बरंच आहे. त्याआधी हा तक्ता आला असता तर अख्ख्या नागपुरानं लाल खडू संपवला असता.

पालकसभेत कौन्सेलर मॅडमनी सांगितलं, की भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० साली मांडली, आणि १९९५ साली डॅनियल गोलमनच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. माझ्या लहानपणी आमच्या घराचा पत्ता कोणाला सापडला नसावा. तेव्हा घरात भावना दोनच होत्या, ‘गुपचूप बस’ आणि ‘रडायला काय झालं?’, आणि त्या दोन्ही मोठ्यांच्या मालकीच्या.

मॅडम पुढे म्हणाल्या, आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी अर्धी सरेपर्यंत पक्का होत असतो. आठ वर्षांच्या पोरानं एकदम शहाण्यासारखं वागावं, ही अपेक्षाच जास्तीची. आधी त्याला ओळखू द्या : राग आलाय, लाज वाटतेय, की नुसतीच भूक लागलीय?

मागून एका गृहस्थानं हात वर केला. “मॅडम, माह्या सासऱ्याचं वय सत्तर हाय. त्याह्यचा पुढचा भाग कधी पक्का होईन?”

मॅडमचा चौकोन कोणता होता ते कळलं नाही.

पोरगं मात्र या विषयात भलतंच हुशार निघालं. परवा त्याच्या बॉलनं शेजारच्या काकूंची कुंडी फुटली. काकू दारात, मी कंबरेवर हात ठेवून. “कोणी फोडली?”

“मी फोडली. पण बाबा, तुम्हाला राग येऊन राहिला, की काकूंसमोर लाज वाटून राहिली?”

काकू हसल्या. हे पोट्टं नेमकं निदान करतं, हाच तर वैताग आहे. लाजच वाटत होती. पण लाज वाटणाऱ्या बापाला ओरडता येत नाही, त्यासाठी रागच लागतो. मी नवी कुंडी आणली. त्यानं तक्त्यात माझा चौकोन परस्पर निळा करून टाकला.

आईला हे सगळं थोतांड वाटतं. “आमच्या वेळी निळा रंग पाठीवर उमटे बाप्पा,” ती म्हणाली. वर, नागपूरला हे नवं थोडंच आहे, असंही तिचं म्हणणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, आख्खी इतवारी ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून घसा फोडते. महागाई, खड्डे, पुढारी, ज्याचा म्हणून राग, त्याच्या नावाची पाटी बडग्याच्या, म्हणजे सोबतच्या पुतळ्याच्या, गळ्यात. १८८०च्या दशकापासून चालू आहे हे. रागाला नाव द्या म्हणून आम्हाला येलनं शिकवायचं?

तोच दिवस तान्ह्या पोळ्याचा. चिरंजीव लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला गेले आणि तासाभरात परतले. शेजारच्या पोराच्या बैलाला चाकं होती.

“मला हेवा वाटून राहिला,” त्यानं सरळ सांगितलं आणि बोजाऱ्याचे पैसे मोजायला बसला. माझ्या ऑफिसात मोठमोठ्या माणसांना हे वाक्य रिटायर होईस्तोवर जमलेलं नाही.

दुपारी गल्लीतल्या पोरांनी स्वतःचा बडग्या काढला. खोक्याचं डोकं, झाडूचे हात. गळ्यातली पाटी आमच्या घरच्या अक्षरात : ‘लवकर आटप, लवकर आटप घेऊन जा गे मारबत!’

हे वाक्य घरात कोण म्हणतं, ते गल्लीला विचारावं लागलं नाही. बडग्याच्या अंगात माझा शर्ट होता. तोही कालच इस्त्रीहून आलेला.