विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचे बिल कोण भरते?

महाविद्यालयात असताना एक वर्ष मी वार्षिक नियतकालिकाचा विद्यार्थी संपादक होतो. वसतिगृहातील पिण्याच्या पाण्याच्या टाकीविषयीचा दोन पानांचा एक लेख आम्ही त्या अंकासाठी घेतला होता. लेखिकेने गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण स्वतः उघडले होते, आतील शेवाळाचा थर पाहिला होता आणि टाकी शेवटची कधी धुतली याची तारीख नोंदवहीतून उतरवून घेतली होती. छापखान्यातून शेवटचे प्रूफ महाविद्यालयातून फिरून आमच्या हाती आले, तेव्हा त्या दोन्ही पानांवर तांबड्या पेन्सिलीची तिरकी रेघ होती आणि समासात लिहिले होते : ‘येथे रांगोळी स्पर्धेची छायाचित्रे घ्यावीत.’ आम्हाला कोणी धमकावले नाही, बोलावून विचारलेही नाही. छपाईचे पैसे महाविद्यालय भरत होते, म्हणून काय छापायचे हेही महाविद्यालयानेच ठरवले.

त्या रेघेमुळेच जगातील विद्यार्थी वर्तमानपत्रांच्या इतिहासाकडे मी ओढला गेलो आणि त्यातही अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधील ‘स्टॅनफर्ड डेली’ या दैनिकाचा इतिहास मला पुनःपुन्हा वाचावासा वाटला. स्टॅनफर्ड विद्यापीठ १८९१ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील विद्यार्थ्यांनी ‘डेली पालो आल्टो’ नावाने हे वर्तमानपत्र काढले. आजचे नाव त्याला १९२६ मध्ये मिळाले. पहिली ऐंशी वर्षे ते विद्यापीठाच्या छायेखालीच वाढले. खरी कसोटी लागली ती १९७१ च्या एप्रिल महिन्यात.

स्टॅनफर्डच्या रुग्णालयातील एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याच्या निषेधार्थ आंदोलकांनी रुग्णालयाची प्रशासकीय कार्यालये ताब्यात घेतली होती. ९ एप्रिलला पोलीस त्यांना बाहेर काढण्यासाठी आले. इमारतीच्या पूर्वेकडील टोकाला काठ्या घेतलेल्या काही आंदोलकांनी तेथे उभ्या असलेल्या नऊ पोलिसांवर हल्ला केला आणि ते नऊही जण जखमी झाले. एकाच्या खांद्याचे हाड मोडले. मारणाऱ्यांपैकी दोघांनाच काय ते पोलिसांना ओळखता आले. ११ एप्रिलला, रविवारी, ‘डेली’ने या प्रकारावर विशेष अंक काढला आणि त्यातील छायाचित्रांवरून एवढे दिसत होते की या दैनिकाचा छायाचित्रकार त्या पूर्वेकडील टोकाशी हजर होता. दुसऱ्याच दिवशी जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयाने न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट मिळवले आणि चार पोलीस वर्तमानपत्राच्या कार्यालयात शिरले.

विद्यार्थी समोर उभे असताना डार्करूम, फाइलींची कपाटे, टेबलांचे खण आणि कागदाच्या टोपल्यासुद्धा तपासण्यात आल्या. कुलूपबंद खण तेवढे उघडले गेले नाहीत. मिळाले काय, तर आदल्या दिवशी अंकात छापून आलेलीच छायाचित्रे, आणि पोलीस रिकाम्या हाताने परतले. या दैनिकातील कोणी काही गुन्हा केला आहे, असा आरोप वॉरंटच्या अर्जातही नव्हता. गुन्ह्याशी ज्यांचा संबंध नाही अशा लोकांच्या टेबलावरील टिपणे आणि पत्रे चाळण्याची मुभा पोलिसांना मिळाली, ही मला त्या प्रसंगातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. आपण सांगितलेली माहिती उद्या पोलिसांच्या हाती पडू शकते, हे कळल्यावर वार्ताहराशी मन मोकळे करून कोण बोलेल?

विद्यार्थ्यांनी महिनाभराने दावा लावला. तो विद्यापीठालगतच्या पालो आल्टो शहराचे पोलीसप्रमुख जेम्स झर्चर यांच्या नावाने ओळखला जातो. जिल्हा न्यायालयात विद्यार्थी जिंकले, अपील न्यायालयातही जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयात मात्र १९७८ च्या मे महिन्यात पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. पुरावा मिळण्याची सबळ शक्यता असेल तर जागेचा मालक संशयित असो वा नसो, तेथे झडती घेता येते आणि वर्तमानपत्राला त्यातून वेगळी सूट नाही, असे बहुमताच्या निकालाने ठरवले. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी भिन्न मत लिहिले. अशा झडतीमुळे वर्तमानपत्राचे काम थांबते आणि गुप्ततेच्या भरवशावर माहिती देणारे लोक दूर जातात, हा त्यांचा मुद्दा होता. देशभरातील वृत्तपत्रांनी या निकालाविरुद्ध आवाज उठवला आणि १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तो बव्हंशी निष्प्रभ केला. पत्रकाराकडील साहित्य हवे असेल तर, काही अपवाद वगळता, झडती न घेता कागदपत्रे हजर करण्याचे समन्स काढावे, असे तो कायदा सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्यातील ‘मॅरियन काउंटी रेकॉर्ड’ या छोट्याशा साप्ताहिकावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा याच कायद्याचा सर्वत्र उल्लेख झाला. विशी-बाविशीतील मुले सर्वोच्च न्यायालयात हरली, आणि त्यांच्या त्या हरण्यातून झालेला कायदा चार दशकांहून अधिक काळानंतर एका लहान गावातील संपादकाच्या कामी येतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

दावा चालू असतानाच, १९७३ मध्ये, या दैनिकाने विद्यापीठापासून कायदेशीर फारकत घेतली आणि ते विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या धगधगत्या काळात विद्यार्थ्यांना मोकळीक हवी होती आणि छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपल्या डोक्यावर नको, असे विद्यापीठालाही वाटत होते. न्यायालयातील लढाईपुढे ही घटना किरकोळ दिसते. तरीही या दैनिकाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी यालाच मानतो. धाडस विशीतल्या मुलांकडे प्रत्येक पिढीत असते आणि आमच्या टाकीवरील लेखाच्या लेखिकेकडेही ते पुरेपूर होते. तिच्याजवळ स्वतःचे बँक खाते असलेले वर्तमानपत्र नव्हते.

या फारकतीचे फळ दिसायला जवळपास पन्नास वर्षे लागली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नामवंत मेंदूशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लाव्हीन यांच्या शोधनिबंधांतील प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याच्या आरोपांविषयीची बातमी ‘डेली’त दिली. विद्यापीठाच्या विश्वस्तांना चौकशी नेमावी लागली. जुलै २०२३ मधील अहवालाने अध्यक्षांनी स्वतः गैरप्रकार केल्याचे आढळत नाही असे स्पष्ट केले. मात्र त्यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळांत इतरांकडून माहितीत फेरफार झाले होते आणि काही चुका वेळीच दुरुस्त करण्यात ते कमी पडले, असेही म्हटले. अध्यक्षांनी पद सोडण्याची घोषणा केली. बेकरला त्याआधीच जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला होता आणि तो मिळवणारा तो सर्वांत तरुण पत्रकार ठरला. छपाईचे बिल अध्यक्षांच्या कचेरीतून मंजूर होत असते, तर ती बातमी प्रूफाच्या पुढे गेली असती का? माझ्या अनुभवावरून सांगतो, गेली नसती.

आपल्याकडे प्रवेशाच्या पावतीवर नियतकालिकासाठी म्हणून रक्कम घेतली जाते. म्हणजे पैसे विद्यार्थ्यांचेच असतात, फक्त त्यांवर सही दुसऱ्याची असते. ती रक्कम विद्यार्थ्यांच्या वेगळ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्यावी, हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडावा, आणि माजी विद्यार्थ्यांनी तिला हातभार लावावा, असे मला मनापासून वाटते. ‘स्टॅनफर्ड डेली’ची आजची इमारत लॉरी लोकी यांच्या देणगीतून उभी राहिली आणि तेही विद्यार्थिदशेत याच दैनिकात काम केलेले गृहस्थ होते. आपले माजी विद्यार्थी सभागृहासाठी आणि प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी सढळ हाताने देतात. अंकाच्या छपाईसाठीही ते देतील, फक्त त्यांच्याकडे ते मागायला हवे.

स्वतःचे पैसे आणि स्वतःची इमारत असूनही आज या दैनिकापुढे नवे संकट उभे आहे, हेही मला येथे लिहिले पाहिजे. २०२५ च्या मार्चमध्ये टफ्ट्स विद्यापीठातील रुमेसा ओझतुर्क या तुर्की संशोधक विद्यार्थिनीला रस्त्यातून ताब्यात घेऊन लुइझियानातील स्थानबद्धता केंद्रात सहा आठवडे ठेवण्यात आले. तिने आणखी तिघांसह टफ्ट्सच्या विद्यार्थी दैनिकात गाझाच्या प्रश्नावर एक लेख लिहिला होता. त्यानंतर ‘स्टॅनफर्ड डेली’मधील परदेशी विद्यार्थी आपली नावे काढून टाका, जुने लेख उतरवा, अशी विनंती करू लागले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या दैनिकाने पुन्हा एकदा न्यायालयात धाव घेतली, या वेळी परदेशी विद्यार्थ्यांच्या लिहिण्याच्या हक्कासाठी, थेट अमेरिकेच्या केंद्र सरकारविरुद्ध. पुणे, नाशिक, नागपूरच्या कितीतरी घरांतील मुले आज विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकत आहेत, त्यामुळे हा दावा आपल्या घरापासून दूरचा नाही.

माझी भाचीही त्यांच्यापैकीच एक. परदेशी विद्यार्थ्यांवर लावलेल्या वाढीव शुल्काविषयी तिच्या विद्यापीठाच्या दैनिकात लिहू का, असे तिने मला गेल्या महिन्यात फोनवर विचारले. आयुष्यभर विद्यार्थ्यांनी लिहावे असे सांगत आलेल्या मला त्या क्षणी ‘लिही’ असे म्हणता आले नाही. तिच्या आईचा विचार मनात आला आणि मी गप्प राहिलो. लेख तिने मला वाचायला पाठवला आहे. आकडे नीट तपासलेले आहेत, भाषा संयमाची आहे, शेवटी तिचे पूर्ण नाव आहे. तिने तो अजून दैनिकाकडे दिलेला नाही.