बिडाच्या तव्याला साबण चालतो, जाळ नाही

‘आजीच्या बिडाच्या तव्याचं रहस्य’ हा मेसेज मला गेल्या महिनाभरात चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गंजलेला तवा फेका, गंजाने धनुर्वात होतो. साबण लावू नका, लोखंड तो पितं. वरचा काळा थर म्हणजे काजळी, ती पोटात जाते. आणि तवा नवाकोरा करायचा असेल तर निखाऱ्यांत लालबुंद होईस्तोवर जाळून वर गार पाणी मारा.

मेसेज लिहिणाऱ्याने सगळं नेमकं उलटं धरलंय. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जिथे दणकट आहे तिथे घाबरवलं आणि जिथे नाजूक आहे तिथे मोकळं सोडलं.

आधी गंज. धनुर्वाताचे जिवाणू मातीत, शेणात असतात आणि जखमेतून शिरतात. गंजका खिळा बदनाम झाला तो मातीत पडून असतो आणि पायात खोल रुततो म्हणून. तव्यावरचा वरवरचा गंज तारेच्या घासणीने निघतो. चिवट असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात तवा बुडवा, पण दर अर्ध्या तासाने काढून घासून बघा. रात्रभर विसरलात तर गंज संपवून आम्ल बिडालाच लागतं. भंगारवाल्याकडे तवा निवडताना मी तर गंजाकडे बघतच नाही. तवा बोटावर टांगायचा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करायचं. खणखणला तर घ्यायचा. भद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढा तडा असणार, फुकट दिला तरी नको.

साबण आणि काळा थर, दोन्हींचं उत्तर एकच. तो थर काजळी नव्हे. तेलाचा पातळ हात देऊन तवा तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि बिडाला घट्ट धरून बसतात. भांड्याच्या लिक्विडने तो निघत नाही. तवा नासतो तो मोरीत रात्रभर भिजत पडल्याने. कडेला खवल्यांसारखं साचलेलं मात्र जळकं तेल असतं, ते काढावं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने निघतं: हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकची बादली. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

आता जाळ. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि नेहमीच्या बिडात त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. लोखंडाच्या पोटात जणू आधीच बारीक चिरा. म्हणून पोलादी पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, बिडाचा फुटतो. निखाऱ्यांत तो एकसारखा तापत नाही. मध्य लाल, कड काळी, एक भाग फुगतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो. त्यावर गार पाणी! मी पाणीसुद्धा मारलं नव्हतं. मामीचा आंबोळ्यांचा तवा परसातल्या चुलीत उभा घातला, थोड्या वेळाने ‘टक्’ झालं आणि कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेघ उमटली. मामी काही बोलली नाही, हे जास्त लागलं. तडा गेला नाही तरी असा जळलेला तवा बऱ्याचदा वाकतो, त्यावर लालसर पापुद्रा धरतो, आणि त्या पृष्ठभागावर तेल नीट बसत नाही.

तवा मुरवायला, म्हणजे तो काळा थर चढवायला, लाल जाळ लागतच नाही. ओव्हन असेल तर साधारण २३० अंशांवर तासभर, तवा पालथा. नसेल तर मध्यम गॅसवर, हळूहळू. तेल लावायचं आणि चुकून लागलं असावं तसं पुसून टाकायचं, जाड राहिलं तर चिकट होतं. हे तीन-चारदा करा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून त्याने तेल फिरवा आणि घावन घाला. पहिली दोन चिकटतील, ती उलथन्याने खरवडून तिथेच उभ्याने खायची. तिसऱ्याला जाळी पडते.